हत्यारं पूजेत, नवरदेव अंगणात

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये काहीही दुरुस्त होत नाही. बिघडू मात्र शकतं, आणि त्यासाठी घरात मी आहे.

महाळुंग्यात कंपन्यांच्या भिंतींना लागून आमचं घर आहे आणि घराच्या पुढ्यात पप्पांचं गॅरेज. फोर्कलिफ्ट, टेम्पो, जनरेटर आणि नातेवाइकांच्या गाड्या (या फुकटात) असं सगळं तिथे येतं. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झाल्यावर मीही तिथेच कामाला लागले. मी इंग्लिश मीडियमची, त्यातून अबोल. गिऱ्हाईक येतं, माझ्या हातातला पाना बघतं आणि मलाच विचारतं, "मेकॅनिक कुठंय?" मी म्हणते, "पाठवते," आणि आत जाऊन पप्पांना पाठवते. (मेकॅनिक मीच असते. पण तेवढं बोलायचं तर मला वाक्य आधी मनात तीनदा म्हणून बघावं लागतं. तोवर गिऱ्हाईक चहाला गेलेलं असतं.)

माझ्या मेकॅनिक असण्यावर पूर्ण विश्वास होता तो फक्त निलेशदादाचा. निलेशदादा म्हणजे माझा आतेभाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो. आपुलकीने तो मला 'भावा' म्हणतो. त्याच्याकडे गाळे आहेत, थोडी जमीन आहे, नवी कोरी लाल गाडी आहे. नव्हती ती फक्त बायको. स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची. आत्याने इतक्या वेळा पोहे केले की तिच्या घरी मांजरसुद्धा पोह्यांकडे बघेना. शेवटी आळंदीच्या प्राजक्ताने "हो" म्हटलं आणि आत्याने गावभर पेढे वाटले.

अडचण एकच होती, प्राजक्ताचे वडील. ते एका कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. कोण किती वाजता गेटातून आत आला हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पहिल्या भेटीला आम्ही चाकणच्या चौकात अडकून उशिरा पोचलो, तेव्हा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, "आलात?" बस्स! निघताना मात्र पप्पांना बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "साखरपुड्याचा मुहूर्त खंडेनवमीचा, दुपारी बाराचा. ज्यांना वेळ पाळता येत नाही, त्यांच्या घरात मी मुलगी देत नाही."

तेव्हापासून आत्या घड्याळाला घाबरायला लागली.

तर खंडेनवमीची सकाळ. पप्पा अंगठी आणायला सकाळीच पिंपरीला गेले होते आणि तिथून परस्पर आळंदीला येणार होते. गॅरेजची पूजा मी मांडायची होती. गेल्या वर्षी एक स्क्रू ड्रायव्हर पूजेत ठेवायचा राहून गेला होता. त्यानंतर वर्षभरात घरात जे जे झालं, म्हणजे मम्मीची गुडघेदुखी, पप्पांचा हरवलेला मोबाइल, एवढंच काय अवकाळी पाऊससुद्धा, आत्याने त्या स्क्रू ड्रायव्हरच्या नावावर टाकलं होतं. म्हणून या वेळी मी काहीच मागे ठेवलं नाही. पाने, पकडी, हातोडे, जॅक, कॉम्प्रेसर, एक्स्टेंशन बोर्ड. प्रत्येक गाडीच्या डिकीतली हत्यारंसुद्धा काढून आणली. सगळं धुऊन, पुसून, ताडपत्रीवर मांडलं. हळद-कुंकू, झेंडू. फार सुंदर दिसत होतं.

तेवढ्यात दादा गाडी घेऊन आला. पांढरा कुर्ता, अबोली रंगाचा फेटा.

"भावा, गाडी अशी चमकव की सासरेबुवांनी तिच्यात तोंड बघून भांग पाडला पाहिजे."

"बाहेरून?"

"आतून-बाहेरून! आज कसर ठेवायची नाही."

प्रेशर वॉशर तेवढा पूजेत ठेवायचा बाकी होता. मी गाडी धुतली. मग बॉनेट उघडलं आणि इंजिनही धुतलं. चांगलं दाबून धुतलं. इंजिनावर असं पाणी मारायचं नसतं हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्या दिवशी मी गैरहजर नव्हते, हे इथे प्रामाणिकपणे सांगते. पण समोर घरचं कार्य असलं की माणूस शिकलेलं विसरतो आणि नातेवाइकांचं ऐकतो. वॉशर पुसून मी पूजेत ठेवला, आरती केली, गाडीला हार घातला.

साडेदहाला आत्या आली. पैठणी, नथ, हातात ओटीचं तबक. आधी तिने पूजेची पाहणी केली, एक एक पाना मोजल्यासारखी, आणि मग खूश होऊन माझ्या गालावरून हात फिरवला. "आत्ता कसं! आता उद्यापतुर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई." आत्या पुढे बसली, मम्मी आणि मी मागे, दादाने किल्ली फिरवली.

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र.

"काय झालं रं?"

दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

"भावा?"

मी मनात वाक्य तीनदा म्हटलं. "कॉइलमध्ये पाणी गेलंय बहुतेक."

"मंजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे ठिणगी पडत नाही, आत्या. चार बोल्ट काढायचे, आतलं वाळवायचं, परत लावायचे. दहा नंबरचा पाना घेतला की..."

आम्ही चौघांनी एकदमच ताडपत्रीकडे बघितलं. दहा नंबरचा पाना मधोमध होता. त्याच्यावर कुंकवाचं बोट होतं आणि वर झेंडूचं फूल.

"हात लावशील तर बघ!" आत्या म्हणाली.

"आई, एकच पाना!" दादा रडकुंडीला आला.

"एक आसू दे न्हाईतर दहा. देवाम्होरं ठेवलेलं उचलायचं न्हाई. गेल्या साली बघितलं न्हवं, एका डायव्हरनं काय काय झालं?"

"अगं, माझं लग्न मोडेल!"

आत्याचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. सुनेसाठी तिने काय काय केलं नव्हतं! डोळ्यांत पाणी तरळलं, नथ थरथरली. पण मान हलली ती आडवीच. "न्हाई म्हंजे न्हाई."

मी शेजारच्या पंक्चरवाल्या दादांकडे पळाले. त्यांची हत्यारं पूजेत. पलीकडच्या वेल्डिंगवाल्यांकडे गेले. तिथेही झेंडू. लेथवाल्या काकांनी तर मशीनलाच लुगडं नेसवावं तसा हार गुंडाळला होता. "घेऊन जा की ताई," ते कुजबुजले, "पण आमची म्हातारी दारात बसलीय." म्हातारी खरंच दारात बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. ज्या पट्ट्यात रांगेने गाड्या तयार होऊन गेटबाहेर पडतात, त्या अख्ख्या पट्ट्यात त्या सकाळी दहा नंबरचा एक पाना मोकळा नव्हता!

भाड्याची गाडीही मिळेना. चालक आपापल्या गाड्या पुजत होते. "माझी स्कूटी आहे," मी सुचवलं.

"माझा नवरदेव स्कूटीवरनं जाणार?" आत्या कडाडली. "त्यापरीस फोर्कलिफ्टवर उभा करून न्या!"

दादाने आशेने फोर्कलिफ्टकडे बघितलं. तिलाही हार घातलेला होता.

सव्वाअकरा वाजले. उशीर होतोय असं कळवावं म्हणून दादाने सासऱ्यांना फोन लावला. उचलला नाही. प्राजक्ताला लावला. नुसताच वाजत राहिला. पिंपरीहून पप्पांचा फोन आला. "अरे, व्याही माझाही फोन घेत नाहीत. निघालात ना?"

"रागावले," आत्या मटकन खाली बसली. "संपलं समदं."

तेव्हा मम्मी स्वयंपाकघरातून सांडशी घेऊन बाहेर आली.

"ही पूजेत नाहीये," ती म्हणाली. "चहा कशाने उतरवणार, म्हणून ठेवलीच नाही."

आम्ही सगळे आत्याकडे बघायला लागलो. आत्याने सांडशी हातात घेतली, उलटीसुलटी केली, एखाद्या न्यायाधीशासारखी. "ही चुलीवरची. हत्यारात धरत न्हाईत. चालतंय."

"काळी झाली तर याद राख," मम्मी मला म्हणाली.

सांडशीने बोल्ट उघडणं कसं असतं ते सांगते. सांडशी बोल्टला सोडून बाकी सगळं पकडते. एकदा तिने दादाचा कुर्ता पकडला, एकदा माझं बोट. तोंडावरचा घाम मी मनगटानेच पुसत होते. पण आत्या बॉनेटपाशी उभी राहून "अंबाबाई, अंबाबाई" करत होती, त्यामुळे असेल, चारही बोल्ट सुटले. आत पाहिलं, तर प्रत्येक खड्ड्यात तळं!

"आता हे वाळवायला कॉम्प्रेसरची हवा..." मी मान वळवली. कॉम्प्रेसरवर नारळ होता.

इथे मला आयुष्यातलं एक गुपित फोडावं लागलं. माझ्याकडे हेअर ड्रायर आहे. कपाटात, स्वेटरच्या मागे. गॅरेजमध्ये काम करणारी मुलगी केस सेट करते हे कुणाला कळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"भावा!" दादा ओरडला. "तू केस सेट करतेस?"

"ते हत्यार हाय का?" आत्याने विचारलं.

"नाही आत्या. केसांचं आहे."

"मग चालतंय."

पण वायर पोचेना. एक्स्टेंशन बोर्ड पूजेत! मग गाडीच स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ढकलत न्यायची ठरली. दादा फेट्यासकट ढकलतोय, मम्मी "कुंडी, कुंडी!" म्हणतेय, आणि मागून पैठणीचा पदर खोचून आत्या असा जोर लावतेय की बाकीच्यांनी हात काढला असता तरी चाललं असतं. कुंडी गेली. गाडी खिडकीपाशी आली. मी ड्रायर आत खुपसला. तेवढ्यात परत पप्पांचा फोन.

"कसला आवाज येतोय?"

"ड्रायरचा," दादा म्हणाला.

"निलेश, बारा वाजत आले! आत्ता केस वाळवतोयस?" मग पप्पा जरा थांबले. "आणि... कुठले केस?"

(फेट्याखाली खरंच काही नव्हतं.)

बारा वाजून गेल्यावर गाडी सुरू झाली. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं सुरू केली आहेत, पण इंजिनाच्या आवाजाला हात जोडणारी बाई मी त्या दिवशीच पाहिली. रस्ताभर आत्या मध्येच पुटपुटायची, "पाया पडीन मी त्यांच्या." दादा फक्त गिअर बदलत होता. मम्मीने सांडशी पर्समध्ये घेतली होती, "परत बंद पडली तर?" म्हणून.

आळंदीत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आम्ही माना खाली घालून गेटातून आत गेलो आणि बघतो तर काय, अंगणात आचारी अजून पुऱ्या लाटतोय, प्राजक्ता केसांना टॉवेल गुंडाळून फिरतेय, आणि तिचे वडील बनियनवर, हातात नारळ!

"अरे!" ते दचकले. "इतक्या लवकर?"

पप्पा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आम्हाला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. ते स्वतः पाच मिनिटांपूर्वीच पोचले होते.

देवघराकडे माझं लक्ष गेलं. पाटावर, हळद-कुंकू लावून, मनगटी घड्याळं, भिंतीवरची घड्याळं, गजराचं घड्याळ. शेजारी घरातले सगळे मोबाइल. सगळ्यांची तोंडं खाली.

"बाबांचं हत्यार ते," प्राजक्ता वैतागून मला म्हणाली. "फोनवर वेळ दिसते म्हणून फोनपण पूजेत! सकाळपासून आम्हाला काहीच कळत नाहीये. भात दोनदा लागला."

आत्याने डोळे मिटून देवीला हात जोडले. आम्ही वाचलो होतो! आणि त्याच क्षणी गुरुजी आले, मनगटाकडे बघत. "क्षमा असावी, आजच्या दिवशी घरं फार असतात. सव्वा वाजला की हो!"

टाइमकीपर काकांनी सावकाश आमच्याकडे बघितलं. "सव्वा? म्हणजे तुम्ही... एक वाजता आलात?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. आत्याने पदर तोंडाशी नेला, पप्पांनी अंगठीची डबी. आणि मग कुणीतरी बोलायला लागलं. आवाज ओळखीचा वाटला. तो माझाच होता, आणि या वेळी मी वाक्य एकदाही म्हणून बघितलं नव्हतं.

"गाडी बंद पडली, काका. माझ्यामुळे. इंजिन धुतलं मी. आणि हत्यारं सगळी पूजेत होती, म्हणून सांडशीने उघडलं."

मम्मीने पुरावा म्हणून पर्समधून सांडशी काढली.

"कुणी उघडलं?"

"मी. मेकॅनिक मीच आहे."

काकांनी सांडशीकडे बघितलं. मग आत्याकडे. "मुहूर्ताची वेळ टळत होती, तरी पूजेतलं हत्यार उचललं नाही?"

"हातसुदिक लावू दिला न्हाई!" आत्याला वाचा फुटली. "लगीन मोडलं तरी चाललं आसतं!"

"आई!" दादा म्हणाला.

काका हसले. हसतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. "माझी बायकोमुलगी सकाळपासून मला वेडा म्हणतायत. म्हटलं, जगात मी एकटाच आहे की काय! जमलं हो आपलं. गुरुजी, मांडा पाट. आज किती वाजले ते कुणी सांगू नका."

साखरपुडा झाला, फार छान झाला. आणि माझं काय झालं, तर माझा कायापालटच झाला! एकदा तोंड उघडल्यावर मी थांबेचना. प्राजक्ताच्या मावश्यांना क्लच कसा काम करतो ते समजावलं, तिच्या मामांना मायलेज वाढवायचे उपाय सांगितले. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते, हसऱ्या चेहऱ्याने. फोटोग्राफरही माझ्याचकडे कॅमेरा वळवत होता. मला वाटलं, हाच तो आदर! कामाचा आदर म्हणतात तो हाच. मी आणखी ताठ उभी राहिले आणि प्रत्येक फोटोत पुढे सरकले.

आठवड्याने अल्बम आला. माझ्या नाकाखाली, या कानापासून त्या कानापर्यंत, ग्रीसचा काळाभोर पट्टा. अंगठी घालताना, आरतीच्या वेळी, व्याह्यांच्या शेजारी, सगळीकडे. साखरपुड्यात सगळ्यात रुबाबदार मिशी माझी होती.