पहाटेचं ताजं पाणी

टोरोंटोतल्या आमच्या व्हिक्टोरियन घरासमोर आज महापालिकेनं घरात पाणी आणणारा जुना शिशाचा पाईप खणून काढला. तो करडा तुकडा पाहिला आणि एक पहाट आठवली.

माझ्या बाळंतपणाला नागपूरहून आलेली आई किचनमध्ये उभी होती. रात्रीचं शिळं पाणी तिनं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला आणि पहिलंच गार पाणी बाळाच्या पावडरच्या दुधासाठी भांड्यात धरलं. “काचेसारखं आहे गं,” ती म्हणाली. मला केवढं निवांत वाटलं होतं!

रात्रभर पाईपात थांबलेल्या पाण्यातच शिसं जास्त उतरतं, हे आज कळलं. उकळूनही ते जात नाही, आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूला ते बाधतं.

लेक बारा वर्षांची झाली, तरी तिला दोन ओळी सलग वाचता येत नाहीत. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. “पोरीला ताजंच पाणी देते ना तू?”

“हो आई,” मी म्हटलं.