‘हरकत नाही’ असं मीच लिहिलं

पनवेलच्या बाजारात ज्या कोळणीकडून मी मासळी घ्यायचो, तिच्या नवऱ्याला टँकरने उडवलं तेव्हा मी ते पाहत होतो. दहा वर्षं हे मी कोणालाही सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर मी कामाला होतो. आत येणाऱ्या गाड्यांची नोंद करायची, नोकरी कंत्राटी. त्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर बसलो होतो, बाकीचे झोपलेले. समोरचा टँकर डावीकडे ओढला गेला आणि सायकलवाला खाली आला. टँकर थांबला नाही. आमच्या ड्रायव्हरने वेग कमी करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “पंचिंग चुकेल.” बस पुढे गेली. तासाभराने तोच टँकर आमच्या गेटवर माल घेऊन आला आणि मी त्याचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिला.

पोलीस चौकशीला आले. मी सांगितलं, झोपलो होतो. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये सगळे झोपतातच, त्यामुळे हवालदाराने दुसरा प्रश्नही विचारला नाही. ड्रायव्हरनेही माझीच री ओढली. टँकरचा मालक आमच्या कंत्राटदाराचा भाऊ होता. मला नोकरी जाण्याची भीती होती.

मेलेला माणूस कोण, हे मला बाजारातच कळलं. तरी मी तिच्याकडे जात राहिलो. जाणं बंद केलं तर तिला संशय येईल, असं मला वाटायचं.

वर्षभराने तिने टोपलीखालून एक कागद काढला.

“भाऊ, भाव पाडताना तुमची जीब लय चालते. आता हा वाचा.”

कोर्टाची नोटीस होती. पोलिसांनी ‘अ समरी’ मागितली होती, तिचं काही म्हणणं आहे का, असं विचारलं होतं.

“म्हंजे काय?”

“गुन्हा खरा आहे, पण करणारा सापडला नाही. म्हणून तपास बंद करतायत.”

“बंद म्हंजे त्याला सोडला?”

“सोडायला आधी सापडायला हवा ना.”

ती बोंबील साफ करत राहिली. मग म्हणाली, “आनि उद्या कोन बोलला, मी बगितलंय, तर?”

“तर परत उघडतात. पण आता कोण येणार?”

हे मी म्हणालो. तिच्यासमोर उभा राहून, माझ्या तोंडाने.

“मग कशाला कोर्टाच्या खेपा,” ती म्हणाली. “लिवा तुमीच काय ते.” मी खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, ‘माझी हरकत नाही.’ तिने खाली अंगठा दिला. बोटांना माशाचं पाणी होतं, म्हणून आधी पदराला पुसला. त्या दिवशी तिने चार बोंबील जास्त टाकले आणि मी ते घेतले. घरी त्यांचं कालवण झालं. मी जेवलो.

पुढे कंपनी बंद पडली, माझी भीती संपायला हवी होती. तरीही आणखी तीन वर्षं गेली. एव्हाना मला माझीच लाज वाटू लागली होती, आणि लाजेला कंत्राटदार लागत नाही.

शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तिने कोयता बाजूला ठेवला. मला वाटलं, शिव्या देईल. तिने विचारलं, “तो लगेच गेला?”

नंबर नाही, मालक नाही. दहा वर्षं तिला एवढंच हवं होतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं.

“नाही,” मी म्हणालो. “बस निघाली तेव्हा त्याने हात वर केला होता.”

मग तिने टोपलीवर फडकं टाकलं, शेजारणीला म्हणाली, “बग जरा,” आणि मला म्हणाली, “चला. हे तिकडं बोला.”

पोलीस ठाण्यात आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. माझा जबाब लिहून घेणारा हवालदार तरुण होता. टँकरचा नंबर लिहून झाल्यावर त्याने पेन थांबवलं.

“एवढी वर्षं कुठे होतात, काका?”

तीही माझ्याकडे वळून बघत होती.

मी म्हणालो, “इथेच. पनवेलला.”