प्लेंटी म्हणजे किती?

सुनीतीबाईंच्या माहेरी चहाची साखरसुद्धा सपाट चमच्याने मोजली जाई. नगरच्या कारकुनाची ही मुलगी एकाहत्तर साली संगमनेरजवळच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला आली, तीही कच्च्या नेमणुकीवर. शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर बाडबिस्तरा उचलून परत नगर. आणि परत जायचं बाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. गाव त्यांना मनापासून आवडलं होतं.

गाडं अडलं ते धड्यातल्या 'प्लेंटी'पाशी. प्लेंटी, लॉट्स, हीप्स. बाई सांगत, म्हणजे पुष्कळ. आठवीतली शेतकऱ्यांची पोरं लगेच विचारत, पुष्कळ म्हणजे किती? पायली का पोतं? त्यांच्यातल्या राहीला तर लॉट्स मोठं की हीप्स, हे पक्कं ठरवून हवं होतं. बाईही मोजणाऱ्या घरातल्याच. पोरांचं म्हणणं त्यांना मनातून पटायचं, म्हणून तर उत्तर सुचायचं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी वैतागून त्या वर्ग घेऊन बाहेर पडल्या. वाटेत गावातल्या पुंजारामचं गुऱ्हाळ चालू होतं. त्याने हाक मारून सगळ्यांना रस प्यायला बसवलं. एवढी पोरं बघून बाईंना संकोच वाटला. सगळ्यांना एकेकच पेला द्या, असं त्या हळूच त्याला म्हणाल्या.

पुंजारामच्या हातातला तांब्या थांबला. त्याचा चेहराच पडला.

"बाई, गुऱ्हाळावर आमी मोजत न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या पोटाला इचारायचं."

बाई ओशाळल्या. पोरं ओठ पुसून पुन्हा पेले पुढे करत होती, पुंजाराम ओतत होता. बाई बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे प्लेंटी." या खेपेला किती म्हणून कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेमका तोच धडा काढला आणि राहीला उभं केलं. प्लेंटी म्हणजे किती, सांग बरं.

"सायेब, ते मोजत न्हाईत," राही म्हणाली. "गुऱ्हाळावर चला, मंग कळंल."

साहेब हसले आणि शाळा सुटल्यावर खरंच आले. पोटभर रस पिऊन, मिशा पुसत त्यांनी बाईंना सांगितलं, की नेमणूक पक्की समजा.

पुंजारामने बाईंपुढे तांब्या धरला. त्यांनी पेला पुढे केला, आणि रस काठाला आला तरी पुरे म्हणाल्या नाहीत.