आईसाठी खोदलेलं तळं

आईचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनने तिच्या अंगावर दोनच दिवसांत गांधी उठल्या. म्हणून मी नाशिकरोडच्या घरामागे, परसात तिच्यासाठी तळं खोदलं, कुठलंही औषध न घालता स्वच्छ राहणारं. अर्ध्यात पोहायचं, अर्ध्यात खडी आणि त्या खडीत वेखंड, लव्हाळा, पाणकणीस. छोटा पंप पाणी खडीतून फिरवतो आणि मुळांवरचे, खडीवरचे जिवाणू ते साफ करतात. शेजाऱ्यांनी विचारलं, म्हशी कधी आणताय? मीही कमी नाही. रतीब आत्ताच लावून टाका म्हटलं.

आई रोज सकाळी चहा घेऊन काठावर बसायची. लहानपणी नांदगावला ती आणि मावशी पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारायच्या. लग्नानंतर ती कधी पोहली नव्हती. "कधी गं उतरायचं?" ती विचारायची. मी म्हणायचे, थांब अजून. नवं तळं आधी हिरवंगार होतं, मग आपलं आपण निवळतं. हे तिला दहादा सांगितलं, पण शेजारी बसून नीट समजावलं नाही. मला सदा घाई.

मावशी येणार असं ठरलं. दोघी एकदमच उतरणार होत्या. आदल्या दुपारी मी बाहेर गेले होते. परत आले तर परसात ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास.

आई नोकरीभर हरसूलकडच्या पाड्यांवर नर्स होती. पावसाळ्यात डोंगर चढून विहिरींत टीसीएल, म्हणजे हीच क्लोरीनची पावडर टाकायची. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायची, मग वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायची. तिच्या विहिरींवर कधी जुलाबाची साथ आली नाही, याचा तिला फार अभिमान होता. मावशीला काही होऊ नये म्हणून, स्वतःच्या गांधी विसरून, तिने आमच्या तळ्यातही तेच केलं. पाणी हिरवं दिसलं म्हणून माप दुप्पट.

सकाळी बेडकांची पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. लव्हाळा पिवळा पडायला लागला होता. मावशी नुकतीच रिक्षातून उतरत होती, तिच्यासमोरच माझा तोल गेला. "विष कालवलंस तू. आयुष्यभर लोकांच्या विहिरींतही हेच केलंस का?"

आई एवढंच म्हणाली, "लय हिरवं होतं गं, म्हणून." मावशीने पोहण्याचे कपडे पिशवीतून काढलेच नाहीत.

मी तळं उपसलं, खडी धुतली, नवी रोपं लावली. आईची माफीही मागितली. "जाऊ दे," ती म्हणाली, आणि खरंच रागावलेली नव्हती. पण चहा घरातच घ्यायला लागली. त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. तिच्याजवळ मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि मी तीच खोटी ठरवली.

पौषात आई गेली. त्याआधी, नवरात्र संपल्यावर, पाणी तळापर्यंत स्वच्छ झालं होतं. बेडूक परत आले होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिला हाक मारली. ती आली, पायरीपर्यंत. मी हात पुढे केला. तिने स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"साबणाने धुतलेत मी," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं त्या पावडरीत होते. यांचं काही पाण्यात उतरलं तर?"

टोमणा नव्हता तो. ड्यूटीवरच्या नर्सला पडावी तशी तिला खरीच शंका होती. काही होत नाही, चल, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"तू पोह," ती म्हणाली. "मी बघते." आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून, पाण्यापासून चांगलं लांब, ती बसून राहिली.