दादाच्या टेकडीवरचे आम्ही

टेकडीवरून घरी आलं की पँटला कुसळं चिकटलेली असतात. कितीही वेचा, एखादं राहतंच आणि जेवायला बसलं की टोचतं. आमच्या फेऱ्यांचे किस्से तसेच आहेत. दादाला जाऊन दोन महिने झाले. सांगताना हसू येतं आणि मधेच उठून बाहेर जावं लागतं. तरी सांगतो.

दादा, माझा मोठा भाऊ, देवळीला शाळेत मास्तर. महिन्यातून एका रविवारी गिरडजवळच्या टेकडीवर जायचं, ठरलेल्या त्याच झाडांना पालवी, फूल, फळ काय आलं ते लिहायचं, हे त्याने कित्येक वर्षं चालवलं. सोबत अल्लीपूरचे गावंडे काका-काकू, भाजीपाला पिकवणारे. मी आठवीत शाळा सोडलेला, म्हणून लिहायचं त्यांच्याकडे आणि गाडी माझ्याकडे.

*

झाडांना पत्र्याचे नंबर बांधत होतो. एक म्हातारा येऊन उभा राहिला.

"कवा तोडता?"

"तोडत नाई आजोबा, नुसतं पाहतो. दर महिन्याले," दादा म्हणाला.

"तेच झाड?"

"तेच."

"इतक्या डाव पाहून तं माणूस पोरगी बी पसंत करते."

*

एकदा दादा वरून ओरडला, "धावडा! धावडा!" धावड्याच्या झाडाला फूल आलं होतं. काकांना वाटलं, मधमाश्या उठल्या. डोक्यावर दुपट्टा घेऊन ते थेट डांबरी रोडवर. आम्ही खाली पोचलो तर घामाघूम.

"मास्तर, तुमीच तं म्हटलं, धावा."

तेव्हापासून दादा त्या झाडाचं नाव हळूच घ्यायचा.

*

टेकडीच्या पायथ्याशी दोरीने आखलेला एक चौकोन होता. आत हात लावायचा नाही, आपोआप काय उगवतं ते फक्त बघायचं. एका रविवारी आम्ही वर आणि काकू खाली सावलीत. परत आलो तर चौकोन सारवलेल्या अंगणासारखा साफ.

"केवढं तण माजू देलं, मास्तर," काकू हात झटकत म्हणाल्या. "वावर असतं तं लोकं हासले असते."

दादा मटकन खाली बसला. काकांनी पेन काढलं. "काय लिवू?"

दादाने चौकोनाची दोरी सरळ केली. मग म्हणाला, "लिवा, निंदण झालं."

*

दादा गेला त्या महिन्यात फेरी झालीच नाही. पुढच्या महिन्यात काका म्हणाले, "बंद करू आता. मास्तर नाई, तं कोनासाठी पाहाचं?"

माझं डोकं सटकलं. "काका, गाडीत बसता, का मी एकटाच जाऊ?"

दोघंही बसले.

अर्ध्या टेकडीवर बकऱ्या चारणारी बाई भेटली. दर फेरीला भेटायची. "आज मास्तर नाई दिसून राह्यले?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका झाडाच्या खोडाकडे बघत राहिले. खरं ते माझ्या तोंडून निघेना. म्हणालो, "दादा पुढं गेला."

"मंग आवाज द्या ना," बाई म्हणाली. "थांबतीन ते."

ती बकऱ्या हाकत उतरून गेली. काकांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वर बघून हाक मारली, "मास्तर, थांबजा! एवढी झाडं पाहून येतो."