नाशिक रोडच्या गच्चीवरचे दोन झेंडे

नागपूरहून निघालेली गाडी नाशिक रोडला दीड तास उशिरा पोचली. सकाळचे साडेआठ झाले होते. रघुनाथ सोनवणे यांच्या पत्त्यावर इमारतीचे नाव होते, गल्लीचे नव्हते. एका राष्ट्राचा झेंडा ज्यांनी काढला त्यांच्याकडे जायचे आहे, असे रिक्षावाल्याला सांगितले.

"झेंडेवाले कोण नाय इथं," तो म्हणाला. "पोस्टाची तिकिटं काढायचे ते बाबा हायेत. चालतील का?"

तेच हवे होते. तरी आधी त्याच नावाच्या दुसऱ्या इमारतीत दोन जिने चढून उतरावे लागले.

सोनवणे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गाव नामपूर, नोकरी इथल्या छापखान्यात, काम टपाल तिकिटांची चित्रे काढण्याचे. एक लहान बेटांचा देश स्वतंत्र होत होता तेव्हा त्याची पहिली तिकिटे काढायला त्यांना तिकडे पाठवले होते. तिथल्या लोकांनी झेंडाही काढून मागितला. त्यांनी तो तीन आठवड्यांत काढला: वर निळा, खाली पिवळा, मधे मासेमारीचे जाळे. एकोणीस बेटे, म्हणून जाळ्याला एकोणीस गाठी. देशाचे नाव छापू नये, एवढी एकच अट त्यांनी मला घातली.

बोलणे सुरू होण्याआधी त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा समोर ठेवला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले. बाईंनी न विचारता दही वाढले.

मग सोनवण्यांनी एक पत्र दाखवले. त्या देशाला झेंडा बदलायचा आहे. नव्या झेंड्यात रंग तेच, पण जाळ्याऐवजी एक मोठे पांढरे शीड. मूळ चित्रकाराची हरकत असेल तर जुनाच ठेवू, असे समितीने लिहिले होते. उत्तर त्याच दिवशी टाकायचे होते.

तिकिटावर चित्रकाराचे नाव नसते, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. त्यांचे नाव छापलेले असे एकच ठिकाण आहे, त्या देशातल्या शाळेचे पुस्तक. ते कपाटात वरच्याच कप्प्यात होते. झेंडा बदलला की तो धडाही जाणार होता.

हरकत घेणार का, असे मी विचारले. ते म्हणाले, आधी बघू. दोन्ही झेंडे त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेतले होते. गच्चीवर दोन बांबू बांधलेले होते. पश्चिमेला पांडवलेण्यांचा डोंगर धुरकट दिसत होता. वारा जवळजवळ नव्हता. त्यांना असाच दिवस हवा होता.

मला त्यांनी गल्लीच्या टोकाला, दुधाच्या टपरीपाशी उभे राहायला सांगितले. तिथून दिसेल ते फोनवर सांगायचे. मी निघालो तेव्हा कौसल्याबाई जिन्यात म्हणाल्या, "तिकिटं काढी काढी यासले लांबनं दिखतच नही." (तिकिटे काढून काढून यांना लांबचे दिसतच नाही.)

टपरीपासून दोन्ही कापडे खाली लोंबलेली दिसत होती. डाव्या कापडाच्या घडीतून पांढरे शीड अर्धे बाहेर आले होते. शीड आहे हे तेवढ्यावरून कळत होते.

"आणि उजवा?" त्यांनी विचारले.

"मधे मळल्यासारखं दिसतंय."

मग ते म्हणाले, "या वर."

वर गेलो तेव्हा ते जुना झेंडा सोडवून त्याची घडी करत होते. पहिल्यांदा हा झेंडा चढला त्या सकाळी ते तिथल्या गर्दीत उभे होते. शेजारच्या कोळ्याने त्यांना विचारले होते, नव्या कापडावर डाग कसला पडलाय? ही गोष्ट त्यांनी नंतर कोणालाच सांगितली नव्हती. कौसल्याबाईही ती आज प्रथमच ऐकत होत्या.

"मी तो टेबलावर काढला," सोनवणे म्हणाले. "तिकीट माणूस हातात धरून बघतो. झेंडा कोण हातात धरून बघतं?"

उत्तर त्यांनी दोन ओळींत लिहिले. नवा घ्या. जुना लांबून ओळखू येत नाही.

कौसल्याबाईंनी पुस्तकाचे विचारले. ते आपल्याकडे आहेच, असे ते म्हणाले.

परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून पाकीट टाकायचे काम माझ्याकडे आले. स्टेशनाजवळच्या पेटीपाशी मी ते एकदा पाहून घेतले. त्यावर त्यांनी आपणच काढलेली आपल्या टपालखात्याची जुनी तिकिटे ओळीने लावली होती. सगळ्यांवर एकच खंड्या पक्षी, चोचीत मासा धरलेला. हातभर अंतरावरून पक्ष्याचे प्रत्येक पीस वेगळे दिसत होते, माशाचे खवलेसुद्धा. चित्रकाराचे नाव कुठेच नव्हते.

पाकीट पेटीत टाकले आणि फलाटाकडे गेलो. गाडी वेळेवर होती.