मिस रूथचं वाक्य

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. माझे बाबा अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते थर्मामीटर घेऊन जायचे आणि "आधी ताप बघू" म्हणायचे. अशा घरात वाढलेल्या बाईला असला अनुभव यायलाच नको होता. पण आला... आणि तोही भर सकाळी, लख्ख उन्हात, बाहेर पार्किंगमध्ये गवत कापायचं मशीन घरघरत असताना. तेव्हा "ताई, लिंबू उतरवून टाका" छाप कमेंट्स कृपया करू नका. मी उत्तर देणार नाही.

आम्ही टेक्ससमध्ये अर्विंगला राहतो. नवरा, संजय, आयटीत. माझी बरीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर गेली, म्हणजे नोकरी करायची परवानगीच नाही. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा पन्नाशी दिसायला लागली होती. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचं एकमत होतं, "वर्षा, क्यूएचा कोर्स कर. सॉफ्टवेअर टेस्टिंग सोपं असतं, घरून काम." मी सर्टिफाइड नर्स एडच्या कोर्सला नाव घातलं. म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, बेडपॅन द्यायचं, उठवायचं-बसवायचं. हळदीकुंकवात एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "एमकॉम करून लोकांची शी काढणार तू?" मी म्हटलं, "हो. वेळ आली तर तुझीही काढीन." ती अजून माझ्याशी बोलत नाही. चालतंय.

खरं कारण मी तिथे सांगितलं नाही, इथे सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी अकोल्याला राहून त्यांचं सगळं केलं होतं. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. आयुष्यात मी जे सगळ्यात चांगलं केलं त्याला कुणी कधी काम म्हटलं नव्हतं. सुनेनं करायचंच असतं ते, त्यात काय! मला त्या कामाचं सर्टिफिकेट हवं होतं आणि छातीवर नावाचा बिल्ला हवा होता.

लेखी परीक्षा आरामात पास झाले. घोळ झाला प्रॅक्टिकलला. त्यात दुसरा एखादा उमेदवार पेशंट बनून झोपतो आणि परीक्षक कोपऱ्यात मख्ख चेहऱ्यानं उभी असते. मला आलं पेशंटला बेडवरून उठवून व्हीलचेअरमध्ये बसवणं. मनात म्हटलं, हे तर मी झोपेत करीन! चाकं लॉक केली, पेशंटच्या पायात बूट घातले, तिच्या कमरेला धरायचा रुंद पट्टा बांधला... आणि मग पट्टा तसाच सोडून सरळ तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. आपल्याकडे असंच उठवतात ना? सासूबाईंना मी रोज असंच उठवलं होतं. इथे मात्र आधी सांगायचं असतं, मग इशारा द्यायचा, पेशंटला स्वतःचा जोर लावू द्यायचा, आणि आपण फक्त पट्टा धरायचा. मी चकार शब्द न काढता त्या बाईला गव्हाच्या पोत्यासारखी उचलली होती. नापास.

संजय म्हणाला, "जाऊ दे ना यार. नाही जमलं तर नाही जमलं. ट्राय तर केलंस." मला त्या 'ट्राय'चा इतका संताप आला की त्याच रात्री मी परत फी भरली. कोर्स ज्या नर्सिंग होमनं, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमानं, घेतला होता, त्यांनी परीक्षा पास होईपर्यंत मला मदतनीस म्हणून ठेवलं होतं. सुपरवायझरनं मात्र स्पष्ट सांगितलं, या वेळी नाही झालीस तर नोकरी नाही.

तिथे होत्या मिस रूथ. टेक्ससमध्ये म्हाताऱ्या बायकांना अशीच नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात. वय नव्वदीच्या आसपास, कापसाच्या शेतीत जन्म गेलेला. स्ट्रोकनं एक बाजू गेलेली आणि वाचा तर पूर्ण बंद. कुणाकडे बघायच्याही नाहीत, नजर कायम खिडकीबाहेर. त्यांचं करताना मी मराठीत बडबडायची. दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतो हो... आणि त्यांना तरी कुठे फरक पडणार होता? भाजी काय केली, पोरगी फोन उचलत नाही, संजय कसा घोरतो... सगळं त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी जेवणाआधीची घाई होती. शेजारच्या बेडची चादर माझी सहकारी ग्रेस बदलत होती. ग्रेस मूळची केनियाची. मी मिस रूथना कडेला बसवलं, पट्टा बांधला, तोंडानं पोरीची कहाणी चालूच होती. आणि परत तेच! सवयीनं माझे हात त्यांच्या काखेत गेले.

त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट पकडलं. घट्ट. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अवं पोरी, सांगून त उचल!"

वऱ्हाडीत.

मी त्यांच्याशी बोलायची ती पुस्तकी मराठी. कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, तेव्हापासून वऱ्हाडी माझ्या तोंडून गेली ती गेलीच. घरी संजयशीसुद्धा नाही. म्हणजे माझं ऐकून पोपटासारखं बोलल्या म्हणावं तर तेही जमत नाही.

ग्रेसच्या हातातून उशी पडली. "शी टॉक्ड! वर्षा, मिस रूथ टॉक्ड! व्हॉट लँग्वेज इज दॅट?"

बाबांची मुलगी ना मी... आधी साक्षीदार तपासला. "तू काय ऐकलंस? जसंच्या तसं म्हण," मी तिला म्हटलं. ग्रेस अडखळत, तिच्या केनियन हेलात म्हणाली, "सांगून त... उचल." तिला मराठीचा एक शब्द येत नाही. तेव्हा मला भास झाला म्हणणाऱ्यांनी आधी ग्रेसला भेटून यावं.

मिस रूथ अजून माझ्याकडे बघत होत्या, वाट बघत. मी कसंबसं म्हटलं, "बरं. आता उठवते हं. तीन म्हटलं की तुम्ही जोर लावायचा." पट्टा धरला. एक, दोन, तीन... आणि त्यांनी चांगल्या पायावर असा जोर दिला की मला जवळजवळ काही करावंच लागलं नाही. खुर्चीत बसल्या आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या. नर्स आली, डॉक्टर येऊन गेले. नवीन काही झालेलं नव्हतं. या अवस्थेत असं स्पष्ट वाक्य येणं शक्य नाही, म्हणाले. त्यानंतर त्या आजपर्यंत एक शब्द बोललेल्या नाहीत.

परीक्षा पास झाले. प्रत्येक गोष्ट आधी सांगितली, थांबले, मग केली. परीक्षक या वेळीही मख्खच होती, पण बिल्ला मिळाला.

आता खरी गंमत. घरी सांगितल्यावर संजयचे डोळे भरून आले. म्हणाला, "आईच आली होती गं." मी म्हटलं, "आई आल्या असत्या तर आधी तुला चार शब्द सुनावले असते. मला कशाला?" मंडळातली एक म्हणाली, कुलदेवतेनं कौल दिला. एका डॉक्टर मैत्रिणीच्या मते माझ्या मनावरचा ताण. ग्रेस म्हणते, होली स्पिरिट. जो तो ते वाक्य उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात घालायला निघालाय! जिच्या तोंडून निघालं ती जिवंत बाई समोर बसलीय, ती स्वतः बोलली असेल असं एकालाही वाटत नाही. मला याचा राग येतो. अजून येतो.

रविवारी मिस रूथची मुलगी आली. तीच सत्तरीची. आई टेक्ससबाहेर कधी गेली नव्हती, म्हणाली, इथे येईपर्यंत भारतीय माणूस तिनं टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. मग माझा हात धरून तिनं ते वाक्य माझ्याकडून परत परत म्हणवून घेतलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला.

"कसं म्हणाली? घाबरून?"

"नाही," मी म्हटलं. "चिडून. चांगलीच चिडून."

ती बाई आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. "ओ, दॅट्स मामा," म्हणाली. "आयुष्यभर तिला न विचारता कुणी हात लावलेला खपला नाही. वर्षं झाली हो तिचा आवाज ऐकून... दॅट्स माय मामा."

तर, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. माझी वऱ्हाडी मिस रूथपर्यंत कशी पोचली, का पोचली, मला माहीत नाही, आणि बाबा असते तर त्यांनाही सांगता आलं नसतं. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. फक्त ते वाक्य भुताला देऊ नका, देवाला देऊ नका, माझ्या सासूबाईंनाही देऊ नका. ते मिस रूथचं आहे.